मराठी सबटायटलसह डीव्हीडी: अक्षरं का फुटतात, ओळी मागे का पडतात आणि डिस्क नीट कशी बनवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नाट्यप्रयोगाचं दोन तासांचं एमपी४ रेकॉर्डिंग आहे, सोबत मराठी आणि इंग्रजी अशा दोन एसआरटी फायली (सबटायटलचा मजकूर आणि त्याच्या वेळा असलेल्या साध्या फायली) आहेत. घरातल्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालेल आणि रिमोटने भाषा बदलता येईल अशी डिस्क हवी आहे. संगणकावर व्हीएलसीमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं. डिस्क बनवली की इंग्रजी ओळी ठीक येतात, मराठीची मात्र जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि तिसऱ्या अंकापर्यंत ओळी संवादाच्या बऱ्याच मागे पडलेल्या असतात.

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. आधी अक्षरांचं बघू, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात.

डीव्हीडी-व्हिडिओ डिस्कवर सबटायटल मजकूर म्हणून साठवलेलं नसतं. प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटं चित्र असतं आणि प्लेअर ते चित्र ठरलेल्या वेळी व्हिडिओवर ठेवतो, एवढंच. प्लेअरला फॉन्ट माहीत नसतो, युनिकोड माहीत नसतो, भाषाही माहीत नसते. त्यामुळे 'माझा प्लेअर मराठीला सपोर्ट करत नाही' हे म्हणणं डीव्हीडीच्या बाबतीत चुकीचं आहे. चित्र बरोबर काढलेलं असेल तर वीस वर्षं जुना प्लेअरही मराठी अचूक दाखवतो. खरा प्रश्न आहे तो एसआरटीतल्या मजकुराचं चित्र कोणता प्रोग्रॅम काढतो याचा.

डीव्हीडीस्टायलरसारख्या सोप्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही थेट एसआरटी जोडता तेव्हा आतून हे काम स्पूमक्स नावाचं साधन करतं. ते एकेक युनिकोड अक्षर घेतं, फॉन्टमधला त्याचा आकार उचलतं आणि डावीकडून उजवीकडे मांडत जातं. रोमन लिपीला एवढं पुरतं. देवनागरीला पुरत नाही, कारण आपल्याकडे साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. 'दिवशी' हा शब्द फाइलमध्ये द, पहिली वेलांटी, व, श, दुसरी वेलांटी अशा क्रमाने असतो. तो जसाच्या तसा मांडला की पहिली वेलांटी 'द'च्या नंतर पडते आणि पडद्यावर 'दविशी' दिसतं. 'स्त्री'चं 'स्‌त्‌री' होतं. रफार 'र्' होऊन मधेच उभा राहतो. अशा वेळी फॉन्ट बदलून काहीही होणार नाही. मंगल घाला, मुक्त घाला, नोटो घाला, तुकडे तेवढेच पडतात. फॉन्टमध्ये जोडाक्षरं असतातच, ती वापरायची कशी हे चित्र काढणाऱ्याला कळत नाही.

म्हणून उपाय एकच: चित्र अशा प्रोग्रॅमकडून काढून घ्या ज्याला देवनागरीची जुळणी कळते. विंडोजवर सबटायटल एडिट नावाचं साधन हे काम बरोबर करतं, कारण ते विंडोजचीच अक्षरजुळणी वापरतं. आणि ओळी व्हिडिओतच कायमच्या छापायच्या असतील तर एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या साधनाचा 'सबटायटल्स' फिल्टर वापरा. त्याच्या मागे लिबास ही लायब्ररी असते, ती हार्फबझच्या मदतीने जोडाक्षरं जुळवते.

इथेच एक निर्णय घ्यावा लागतो: ओळी व्हिडिओत छापायच्या की वेगळ्या ठेवायच्या? छापलेल्या ओळी कुठल्याही प्लेअरवर दिसतात, रंग बिघडत नाही, ऑथरिंगची, म्हणजे व्हिडिओ, आवाज आणि सबटायटल एकत्र बांधून डिस्क तयार करण्याची, अर्धी कटकट वाचते. पण त्या बंद करता येत नाहीत आणि भाषा बदलता येत नाही. आजी-आजोबांसाठी एकच डिस्क, एकच भाषा असेल तर छापून मोकळे व्हा, उगाच पुढचा उपद्व्याप करू नका. दोन भाषा हव्यात म्हणून इथे मात्र वेगळ्या ओळींचीच वाट धरावी लागेल. डीव्हीडीवर सबटायटलचे ३२ आणि आवाजाचे ८ प्रवाह (वेगवेगळे निवडता येणारे ट्रॅक) बसतात, त्यामुळे मराठी-इंग्रजीला जागेची अडचण नाही.

चित्र काढायच्या आधी मजकूर स्वच्छ करा. एसआरटी यूटीएफ-८ मध्येच साठवलेली हवी. नोटपॅडमध्ये उघडून 'एएनएसआय'मध्ये सेव्ह केली की सगळी मराठी अक्षरं प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत मिळत नाहीत. मूळ फाइलच शोधावी लागते. याउलट यूटीएफ-८ फाइल चुकीच्या एन्कोडिंगने उघडली गेली आणि परदेशी खुणांचा खच दिसला तर घाबरू नका. मजकूर शाबूत असतो, सेव्ह न करता बंद करा आणि एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा. संहिता जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' हे तीन प्रकार डोळ्यांनी तपासा. रूपांतरकं हमखास तिथेच चुकतात.

'ऱ्य' जपा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'आचाऱ्याला' यांतला अर्धा र दोन पद्धतींनी लिहिला जातो. एक म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ' वापरून, दुसरी म्हणजे साध्या 'र्'नंतर जोडणारं अदृश्य चिन्ह घालून. सबटायटल साफ करणारी बरीच साधनं अशी अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतात, आणि मग स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला बोलावलं की पडद्यावर आचार्यांना बोलावणं जातं. त्यामुळे सफाई करण्याआधीच शोधा-बदला करून सगळीकडे 'ऱ' घालून घ्या, म्हणजे पुढे धोका राहत नाही.

अक्षरमोजणीवर आंधळा विश्वास ठेवू नका. एका सेकंदात किती अक्षरं वाचायला लागतात याचा आकडा सबटायटल एडिट दाखवतं, पण ते युनिकोडची चिन्हं मोजतं. 'क्षत्रिय' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत ती आठ होतात. इंग्रजीसाठी ठरवलेली मर्यादा मराठीला लावली की निम्म्या ओळी लाल दिसतात आणि माणूस विनाकारण संवाद छाटत बसतो. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येक ओळ पडद्याच्या ऐंशी टक्के रुंदीत मावेल एवढी, आणि एकदा मोठ्याने वाचून बघा, एवढी कसोटी पुरे.

एक गोष्ट मात्र सक्तीची आहे. डीव्हीडीच्या एका प्रवाहात एका वेळी एकच चित्र दिसू शकतं. एसआरटीत दोन नोंदींच्या वेळा एकमेकींवर चढलेल्या असतील तर संगणकावर दोन्ही दिसतात, डिस्कवर पहिली अचानक गायब होते किंवा ऑथरिंग प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. सबटायटल एडिटच्या 'फिक्स कॉमन एरर्स'मधून चढलेल्या वेळा दुरुस्त करा आणि दोन ओळींमध्ये किमान ८० मिलिसेकंद, म्हणजे पालच्या दोन फ्रेम, मोकळ्या ठेवा.

आता मागे पडणाऱ्या ओळी. सुरुवातीचा एक आणि अगदी शेवटचा एक असे दोन संवाद निवडा, आणि ओळ किती सेकंद मागे किंवा पुढे आहे ते दोन्हीकडे मोजा. दोन्हीकडे अंतर सारखंच असेल तर सगळी फाइल तेवढ्याने सरकवली की झालं. अंतर वाढत गेलं असेल तर वेग बदलला आहे. आणि एखाद्या ठिकाणी एकदम उडी असेल तर तिथे दोन क्लिप जोडताना काहीतरी कापलं गेलंय. त्या जागेपासून पुढचा भाग वेगळा सरकवा.

भारतातली डिस्क साधारणपणे पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमची असते. मूळ रेकॉर्डिंग २४ किंवा २३.९७६ फ्रेमचं असेल तर काही प्रोग्रॅम फ्रेम तशाच ठेवून व्हिडिओ थोडा वेगाने पळवतात. २४ वरून २५ वर गेलं की सगळ्या वेळा आधीच्या ०.९६ पट होतात. १ तास ५५ मिनिटांवर असलेला संवाद १ तास ५० मिनिटं २४ सेकंदांवर येतो, आणि सबटायटल जुन्याच वेळेवर राहिलं तर ते साडेचार मिनिटांहून जास्त मागे पडतं. २३.९७६ वरून २५ साठी हा गुणक सुमारे ०.९५९ आहे. सबटायटल एडिटमध्ये 'सिंक्रोनायझेशन'खाली 'चेंज फ्रेम रेट' आहे, तिथे जुना आणि नवा आकडा घातला की हिशोब आपोआप होतो. चूक फक्त काही सेकंदांची असेल, म्हणजे दोन तासांत साधारण सात सेकंद, तर ती ३० आणि २९.९७ किंवा २४ आणि २३.९७६ यांच्यातल्या फरकाची असते.

वेग वाढवण्याचा दुसरा परिणाम आवाजावर होतो. २४ चे २५ केले आणि आवाज तसाच पळवला तर स्वर सुमारे पाऊण अर्धस्वराने (सेमिटोनने) चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोनच्या जवळ पोचतं. गद्य नाटकात कुणाच्या लक्षात येणार नाही, संगीत नाटकात मात्र जाणकार पहिल्याच पदाला टोकतील. त्यामुळे आवाजाचा वेग बदलताना पट्टी कायम ठेवणारा फिल्टर वापरा. एफएफएमपेगमध्ये तो 'एटेम्पो' नावाने आहे. दुसरा मार्ग म्हणजे वेग तसाच ठेवून दर सेकंदाला एक फ्रेम दुहेरी करणं. एफएफएमपेगला नुसतं २५ फ्रेम मागितल्या तर तो हेच करतो. मग सबटायटलला हातही लावावा लागत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की दर सेकंदाला बारीक हिसका जाणवतो. तिपाईवर ठेवून चित्रण केलेल्या प्रयोगाला हा मार्ग चालून जातो.

मोबाइलवर चित्रण केलेलं असेल तर वेगळीच भानगड असते. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त करतात. नाटकाच्या अंधाऱ्या प्रवेशात तो घसरतो आणि उजेड आला की पुन्हा ३० होतो. अशी फाइल थेट डीव्हीडीच्या साच्यात घातली की आवाज आणि चित्र यांची फारकत होऊ शकते. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने फाइल उघडून बघा. फ्रेम रेटच्या ओळीत 'व्हेरिएबल' असं दिसलं तर आधी स्थिर ३० फ्रेमची मधली प्रत बनवा, सबटायटल तिच्यावर तपासा आणि मग पुढे जा.

आणि मूळ ३० फ्रेमचं असेल तर मी पालचा हट्ट धरणार नाही. ३० मधून २५ करताना दर सहा फ्रेममधली एक टाकावी लागते आणि हालचाल अडखळते. एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडच्या पद्धतीची, डिस्क २९.९७ फ्रेमची, ७२०×४८० आकाराची असते. चित्राच्या आडव्या ओळी कमी, पण हालचाल सलग. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात. डिस्क अमेरिकेत किंवा कॅनडात कुणाला पाठवायची असेल, समजा तिकडच्या महाराष्ट्र मंडळाला, तर एनटीएससीच करा, कारण तिथले बरेच प्लेअर पाल घेतच नाहीत. घरी बनवलेल्या डिस्कला रीजन कोडची काळजी करायची गरज नाही, ती सगळीकडे चालेल अशीच बनते.

वेळा आणि मजकूर पक्का झाला की मगच चित्रं काढा. नंतर एक शब्द बदलला तरी सगळी चित्रं पुन्हा काढावी लागतात.

सबटायटल एडिटमध्ये 'फाइल'खाली 'एक्स्पोर्ट' आणि त्यात 'व्हॉबसब' (डीव्हीडीची सबटायटल-चित्रं साठवण्याचा प्रकार) निवडा. व्हिडिओचा आकार ७२०×५७६ ठेवा (एनटीएससी असेल तर ७२०×४८०). इथे मराठीसाठी काही खास काळज्या घ्याव्या लागतात.

पहिली शिरोरेषेची. डीव्हीडीचं चित्र अनेकदा पडद्यावरच्या एकाआड एक आडव्या ओळींनी (इंटरलेस्ड) दाखवलं जातं: आधी विषम ओळी, मग सम. शिरोरेषा फक्त एक पिक्सेल जाड असेल तर ती एकाच खेपेत दिसते आणि दुसऱ्या खेपेत नसते. परिणामी जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ओळीचा माथा सतत लुकलुकतो. रोमन अक्षरांना अशी सलग आडवी रेषा नसल्यामुळे इंग्रजी सबटायटलच्या सल्ल्यांमध्ये हा मुद्दा सापडत नाही. उपाय म्हणजे ठळक वजनाचा फॉन्ट घ्या आणि शिरोरेषा दोन-तीन पिक्सेल जाड आहे ना, हे चित्र मोठं करून बघा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांची ठळक रूपं चांगली उठतात. कोकिळा, अपराजिता यांसारखे नाजूक फॉन्ट कागदावर सुंदर दिसतात, इथे ते टाळा.

दुसरी आकाराची. इंग्रजीला जो आकार पुरतो त्यात मराठी बारीक दिसते, कारण वरची मात्रा आणि खालचा उकार यांनाही त्याच उंचीत जागा द्यावी लागते. ५७६ ओळींच्या चौकटीत ३६ ते ४० पासून सुरुवात करा आणि पूर्वदृश्यात 'र्‍हस्व-दीर्घ', 'कौटुंबिक', 'ट्टू' यांसारखे वर-खाली पसरणारे शब्द असलेली दोन ओळींची नोंद बघा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा. खालून किमान ५५ ते ६० पिक्सेल मोकळे सोडा. जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि अर्धे उकार चौकटीखाली जातात.

तिसरी रुंदीची. १६:९ डिस्कवरही चित्र ७२० पिक्सेलचंच असतं आणि टीव्ही ते ताणून १०२४ इतकं रुंद करतो. म्हणजे अक्षरंही जवळपास दीडपट फुगतात. इंग्रजीला ते खपून जातं, मराठीत 'क' आणि 'फ' अगदी लोळल्यासारखे दिसतात. नोटो सान्स देवनागरीचं 'कंडेन्स्ड' रूप घ्या. संगणकावर ते चेपलेलं वाटेल, टीव्हीवर ताणून नेहमीसारखं होईल.

रंगांचं बंधन मात्र कडक आहे. एका चित्रात चारच रंग: पारदर्शक पार्श्वभूमी, अक्षराचा भरीव रंग, कडेची काळी रेघ, आणि दोन्हींच्या मधली एक छटा. त्यामुळे सावल्या, चमक, गुळगुळीत कडा वगैरे हौस सोडून द्यावी लागते. भरीव रंग शुभ्र पांढरा ठेवू नका, किंचित राखाडी पांढरा ठेवा. शुभ्र रंग टीव्हीवर पसरतो आणि जोडाक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. काळी कड दोन ते तीन पिक्सेल.

आणि चित्रात प्रत्यक्ष रंग नसतोच, फक्त रंगांचे क्रमांक असतात. सोळा रंगांची यादी डिस्कच्या आयएफओ फाइलमध्ये, म्हणजे डिस्कची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये, असते. ऑथरिंगमध्ये ती यादी हरवली की प्लेअर तेच क्रमांक भलत्या रंगांना लावतो आणि अक्षरं हिरवी किंवा जांभळी येतात. अशा वेळी चित्रं पुन्हा काढत बसू नका. पीजीसीएडिट या प्रोग्रॅममध्ये डिस्कचं फोल्डर उघडा, रंगांची यादी दुरुस्त करा, संपलं.

व्हिडिओ एन्कोड करणं त्यामानाने सरळ आहे. एमपेग-२ व्हिडिओ, एसी-३ आवाज, आवाजाचा नमुना-वेग ४८ किलोहर्ट्झ. एफएफएमपेगमध्ये 'टार्गेट' म्हणून 'पाल-डीव्हीडी' दिलं की बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप बसतात: आकार, २५ फ्रेम, १५ फ्रेमचा गट, सेकंदाला ९,००० किलोबिटची कमाल मर्यादा. पण दोन गोष्टी तुम्ही स्वतः बघायच्या. १६:९ ची खूण स्वतः देऊन टाका, ती चुकली तर सगळे कलाकार उंच-सडपातळ होतात. आणि मूळ चित्र १६:९ नसेल तर काळ्या पट्ट्याही तुम्हीच जोडायच्या. उदाहरणार्थ १९२०×८१६ चं चित्र असेल तर वर-खाली १३२ पिक्सेल जोडून आधी १९२०×१०८० करा, मग लहान करा. उभ्या मोबाइल व्हिडिओलाही तोच नियम, फक्त पट्ट्या बाजूंना. एचडीवरून डीव्हीडीवर येताना रंगांचं गणितही बदलतं, बीटी.७०९ वरून बीटी.६०१. ते रूपांतर राहून गेलं की चेहऱ्यांचा रंग किंचित सरकतो.

बिटरेटसाठी, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट द्यायचे यासाठी, लांबलचक सूत्रं लागत नाहीत. ४.७ जीबीची डिस्क संगणक ४.३८ दाखवतो, त्यामुळे फोल्डर ४.३ च्या आत ठेवा. बांधणीची आणि सबटायटलची जागा वजा करून साधारण ३ कोटी ६० लाख किलोबिट हाताशी राहतात. त्याला एकूण सेकंदांनी भागा आणि आवाजाचे वजा करा. दोन तासांसाठी ३,६०,००,००० भागिले ७,२०० म्हणजे ५,०००. त्यातून स्टीरिओ आवाजाचे १९२ गेले की व्हिडिओला सुमारे ४,८०० किलोबिट. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग केलं तर रंगमंचावरच्या चित्रणाला हे छान पुरतं. दीड तासाला ६,४०० च्या आसपास मिळतात. तासाभराच्या कार्यक्रमाला हिशोबाने दहा हजार येतात, पण तिथे ८,००० च्या वर जाऊ नका. घरी लिहिलेल्या डिस्कवर फार वरचा बिटरेट असला की जुने प्लेअर दम खातात. तीन तासांच्या नाटकाला एका डिस्कवर ३,१०० च उरतात आणि काळोख्या प्रवेशांत चौकटी दिसायला लागतात. मध्यंतराला तोडून दोन डिस्क करा.

जुन्या व्हीएचएस किंवा मिनी-डीव्ही कॅसेटवरून घेतलेलं लग्नाचं वगैरे चित्रण असेल तर ते मुळात एकाआड एक ओळींचंच असतं. डीव्हीडीसाठी ते सपाट करू नका, म्हणजे त्या ओळी जोडून सलग चित्र बनवू नका, तसंच एन्कोड करा. फक्त ओळींचा क्रम बरोबर सांगा. मिनी-डीव्हीत खालची ओळ आधी असते. क्रम उलटा पडला की वरात पुढे-मागे थरथरत चालते.

आता बांधणी. सोपी वाट अशी: व्हॉबसबच्या दोन फायली बीडीसप२सब या रूपांतरकात उघडून 'सप/आयएफओ' प्रकारात साठवा. मग मक्समन या ऑथरिंग प्रोग्रॅममध्ये व्हिडिओची एम२व्ही, आवाजाची एसी३ आणि दोन्ही भाषांच्या सप फायली घाला. व्हिडिओ आणि आवाज इथे वेगवेगळे लागतात, एकत्र केलेली एमपीजी चालत नाही. सपमध्ये रंगांची यादी नसते, ती शेजारच्या आयएफओत असते. वर सांगितलेले हिरवे-जांभळे रंग नेमके इथे उगवतात. लिनक्सवाल्यांनी चार रंगांच्या पीएनजी चित्रांची आणि वेळांची एक्सएमएल फाइल बनवून स्पूमक्सला द्यावी. मजकूर दिला तर घोटाळा करणारं हेच साधन तयार चित्रं मात्र चोख जोडतं, आणि पुढे डीव्हीडीऑथरकडे रंगही बरोबर पोचवतं.

मराठीच्या प्रवाहाला 'एमआर' आणि इंग्रजीला 'ईएन' हा भाषासंकेत द्या. काही प्लेअर 'एमआर' ओळखत नाहीत आणि रिमोटवर भाषेच्या जागी 'अदर' किंवा नुसता क्रमांक दाखवतात. डिस्क बिघडलेली नाही, दुर्लक्ष करा. डिस्क घातल्याबरोबर मराठी ओळी सुरू व्हायला हव्या असतील तर शीर्षकाच्या आधीच्या आज्ञेत सबटायटल ६४ असं लिहावं लागतं. प्रवाहाच्या क्रमांकात ६४ मिळवले की 'दाखव' असा अर्थ होतो, म्हणून पहिला प्रवाह ६४, दुसरा ६५. नुसता शून्य लिहिला तर प्रवाह निवडला जातो पण दिसत नाही, आणि सबटायटल जोडलेलंच नाही असं वाटतं. प्रत्येक प्रवेशाला एक अशी प्रकरणं पाडा, पण प्रकरणाची सीमा चालू ओळीच्या मध्ये येऊ देऊ नका. प्रकरणावर उडी मारली की आधी सुरू झालेली ओळ दिसत नाही, आणि काही प्लेअर सरळ बघतानाही ती तिथे पुसतात.

डिस्क लिहिण्याआधी बांधणीतून तयार झालेलं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर व्हीएलसीत चालवून बघाच, पण त्यावर विसंबू नका. व्हीएलसी फार समजूतदार आहे, प्लेअर नाकारेल अशा चुकाही तो पोटात घालतो. आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढून खऱ्या प्लेअरवर लावा, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी दोन्ही भाषा तपासा. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे फार जुना प्लेअर ती वाचणारच नाही. तेवढ्यावरून बांधणी चुकली असं ठरवू नका.

लिहायला इमगबर्न पुरेसं आहे. 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर ओढून टाका. फाइल सिस्टिमबद्दल त्याने दुरुस्ती सुचवली तर होकार द्या. डीव्हीडी-व्हिडिओला यूडीएफ १.०२ लागतं. जुन्या प्लेअरसाठी उणे-आर (डीव्हीडी-आर) डिस्क घ्या. अधिक-आरच (डीव्हीडी+आर) घ्यायची असेल तर आणि रायटर परवानगी देत असेल तर बुक टाइप, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची आहे हे प्लेअरला सांगणारी खूण, 'डीव्हीडी-रॉम' करा. १६ वेग लिहिलेली डिस्क ८ वेगाने लिहा. सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगलं, हा समज जुन्या डिस्कच्या काळातला आहे. शेवटी 'व्हेरिफाय' चालू ठेवा. दुहेरी थराची डिस्क घेतलीत तर थर बदलण्याची जागा काळोख किंवा शांतता असलेल्या प्रवेशबदलावर निवडा. काही प्लेअर तिथे क्षणभर अडखळतात. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. मऊ टोकाच्या मार्करने नाव लिहा.

प्लेअरला पेनड्राइव्हची खाच असेल तर 'एवढं सगळं कशाला, एमपी४ आणि एसआरटी टाकतो' असा विचार येतोच. इंग्रजीपुरतं ते चालू शकतं. स्वस्त प्लेअर एसआरटीतला मजकूर स्वतःच्या आतल्या फॉन्टने काढतात आणि त्यात देवनागरी बहुधा नसते, असली तरी जुळणी नसते. मराठीच्या जागी चौकोन किंवा कचरा येतो. शिवाय जुने प्लेअर एच.२६४ वाचत नाहीत, त्यांना एक्सव्हिड एव्हीआय लागतं. पेनड्राइव्हवरून मराठी दाखवायची असेल तर ओळी व्हिडिओतच छापा.

ब्लू-रे प्लेअर असेल तर बरीच बंधनं सैल होतात. तिथेही सबटायटल चित्रच असतं, पण चारऐवजी २५६ रंग मिळतात, त्यामुळे कडा गुळगुळीत येतात, आणि पिक्सेल चौरस असल्यामुळे कंडेन्स्ड फॉन्टची युक्ती लागत नाही. सबटायटल एडिटमधून 'ब्लू-रे सप' काढा आणि टीएसमक्सरमध्ये एच.२६४ व्हिडिओसोबत जोडा. तिथला खड्डा वेगळा आहे. १०८० ओळींच्या आकारात ब्लू-रे २४ आणि २३.९७६ फ्रेम सलग घेतो, २५ सलग घेत नाही. २५ फ्रेमचं चित्रण ५० अर्धचित्रांचं (एकाआड एक ओळींचं) म्हणून खूण करून एन्कोड करावं लागतं. ती खूण राहिली तर संगणकावर चालणारी डिस्क प्लेअर नाकारू शकतो.

तुमच्या दोन तासांच्या प्रयोगासाठी आधी मीडियाइन्फोमध्ये फ्रेमचा वेग बघा. २४ किंवा २३.९७६ दिसले तर ओळी मागे का पडतात याचं उत्तर तिथेच मिळालं. मग वेळा दुरुस्त करून फक्त पहिल्या दहा मिनिटांची डिस्क आरडब्ल्यूवर काढा. शिरोरेषा लुकलुकते का, रंग बरोबर आहे का, रिमोटवर भाषा बदलते का, हे तेवढ्यात कळतं. दोन तासांचं एन्कोडिंग त्यानंतर रात्री लावून ठेवा.